धूळ पुसायची की ठेवायची?

गावाकडच्या घरात पडून असलेली जुनी बाइक पुन्हा उभी करायची, हे स्वप्न सध्या प्रत्येक ग्रुपमधला एक तरी जण बघतोय. पण ती बाइक जर कधीकाळी मातीतल्या शर्यतीत पळालेली असेल, तर पहिला प्रश्न पैशाचा नसतो. ती कोणत्या साली परत न्यायची, हा असतो!

‘एकदम शोरूम कंडिशन करून टाकू!’

कुणाकडे जुनी बाइक सापडली, की पहिलं वाक्य हेच येतं. मेकॅनिक म्हणतो, मित्र म्हणतात, नेटवर चार फोटो बघितले की आपण स्वतःही म्हणायला लागतो. रंग, क्रोम, बफिंग, नवीन सीट आणि मग डीपी! ऐकायला सहीच वाटतं. साधी घर ते ऑफिस चाललेली बाइक असेल तर त्यात फारसं चुकीचंही नाही. पण डर्ट बाइकचा फंडा वेगळा आहे. मातीत पळण्यासाठी जिची मोडतोड केली, वेल्डिंग केलं, जिचे दिवे उतरवले, ती शोरूमसारखी करायची म्हणजे तिचं सगळं आयुष्यच पुसायचं. आणि पुसायचं नाही म्हणावं, तर गंजलेलं धूड अंगणात उभं करून करायचं काय?

हा पेच आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीसमोर अगदी खराखुरा उभा राहिला. ती हिंजवडीत नोकरी करते, आणि वीकेंडला तिच्या अंगात बायकर संचारतो. आपण तिला नुसतं ‘भाची’ म्हणू. कारण बाइक तिच्या मामांची. कोल्हापूरजवळच्या गावी, गोठ्याशेजारच्या खोलीत, पोत्यांच्या ढिगामागे उभी होती. १९७४ ची येझदी २५०.

आधी थोडा इतिहास

येझदी म्हणजे आपल्या बाबा-काकांच्या पिढीची धडकन. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर मोटरसायकली बनवायला सुरुवात केली. १९७३ पासून त्यांच्यावर ‘येझदी’ हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना थांबला. एक सिलिंडर पण दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांडीवर, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पळणारं टू-स्ट्रोक इंजिन. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना बाकी काही सांगावं लागत नाही.

आता मातीशी तिचं नातं काय? तर चांगलंच जवळचं. जावाची चेक भावंड कंपनी म्हणजे चेझेट. साठच्या दशकात मोटोक्रॉसमध्ये या चेझेटचा दरारा होता. बेल्जियमच्या जोएल रोबेरनं १९६४ मध्ये २५० सीसीचं जागतिक विजेतेपद चेझेटवरच मारलं, आणि १९६८ व १९६९ मध्ये पुन्हा. ५०० सीसीत पाउल फ्रिडरिक्सनं १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षं याच कंपनीच्या गाडीवर घेतली.

आपल्याकडे खास मोटोक्रॉससाठी बनवलेल्या गाड्या मिळणं तेव्हा दुरापास्त. मग पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या पट्ट्यातली पोरं काय करायची? रस्त्यावरची गाडी घ्यायची आणि तिलाच मातीसाठी तयार करायची. आधी येझदी, पुढे आरएक्स १००, नंतर शोगन. हेडलाइट काढा, मडगार्ड कापा, रुंद हँडल लावा, मागचं स्प्रॉकेट मोठं करा, चेसिसला जिथे तडा जाईल असं वाटतं तिथे पट्टी मारा. लेथवाला आणि वेल्डिंगवाला, हीच त्यांची रेसिंग टीम!

भाचीच्या मामांनी नेमकं हेच केलं होतं. १९७४ मध्ये नवी घेतलेली गाडी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मातीत उतरवली. दोन-तीन वर्षं पळवली, लग्नानंतर बंद केली, आणि गाडी पोत्यांमागे गेली.

एका गाडीची तीन सालं

गाडी पुण्यात आली आणि घरातच दोन पार्ट्या पडल्या. पण उलट्या!

आपल्याला वाटेल, की म्हाताऱ्या मामांना जुनं तसंच ठेवायचं असेल आणि तरुण भाचीला चकाचक हवं असेल. प्रत्यक्षात मामांनाच गाडी मरून रंगात, क्रोमच्या झळाळीसह, शोरूममधून काढली तशी बघायची होती. त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्या पगारातून पैसे साठवून घेतलेली गाडी होती. ती पहिल्यांदा घरी आणली तेव्हा आईनं म्हणजे भाचीच्या आजीनं तिला ओवाळलं होतं. रेसचं काय, ते तर पोरपण, असं त्यांचं म्हणणं. भाचीला मात्र ओरखडे हवे होते. तिनं मामांना कायम पेन्शनर म्हणूनच बघितलेलं. हा माणूस कधीकाळी चिखल उडवत वळणावर गाडी आडवी घालायचा, याचा एकमेव पुरावा म्हणजे ही बाइक. आणि तोच पुसायचा?

इथेच खरी गंमत आहे. आपण विचारतो, ‘रिस्टोअर किती करायची?’ जणू तो आवाजाचा नॉब आहे, थोडा की जास्त. खरा प्रश्न ‘कोणत्या सालापर्यंत?’ हा आहे. या गाडीला तीन सालं होती. १९७४ ची शोरूममधली. ऐंशीच्या सुरुवातीची, मातीतली. आणि आजची, गंजलेली, गोठ्यातली. तिन्ही खरी. पण तिन्ही एकाच वेळी ठेवता येत नाहीत. साल ठरलं, की रंगापासून नट-बोल्टपर्यंत बाकीचे निर्णय निम्म्यानं सोपे होतात. साल न ठरवता काम सुरू केलं, की १९७४ चा रंग, १९८२ चं हँडल आणि कालच्या ऑनलाइन ऑर्डरचे एलईडी इंडिकेटर अशी खिचडी तयार होते.

चार पायऱ्या

साधारणपणे अशा बाइकसमोर चार रस्ते असतात.

जैसे थे. धुवायची, गंज वाढणार नाही असं बघायचं, तेल-वंगण करायचं आणि ठेवून द्यायची. खर्च सगळ्यात कमी. पण इंजिन बोलत नाही.

चालती-बोलती. दिसायला जुनीच, आतून धडधाकट. इंजिन, ब्रेक, चाकं नवी केल्यासारखी. रंग आणि ओरखडे जागेवर.

रेसच्या दिवसाची. शर्यतीच्या काळात ती जशी होती तशी. गोठ्यात लागलेला गंज काढायचा, पण मातीत बसलेला पोचा ठेवायचा.

शोरूमची. कारखान्यातून निघाली तशी. म्हणजे शर्यतीसाठी केलेला प्रत्येक बदल उलटा फिरवायचा, कापलेले भाग शोधायचे आणि सगळा रंग उतरवून नवा द्यायचा.

जुन्या गाड्यांच्या संघटनांची जागतिक शिखर संस्था फिवा, तिनं २०१२ मध्ये इटलीतल्या तोरिनोत एक सनद मंजूर केली. तिचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर असं: आधी जपा, मग डागडुजी करा, आणि अगदीच गरज पडली तर पूर्ण रिस्टोअर करा. वापरातून आलेल्या खुणा हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. आणि जो बदल कराल तो पुढे कुणाला मागे घेता यावा असा करा. अर्थात सनद म्हणजे कायदा नाही, गाडी तुमची आहे. पण एक गोष्ट कायम लक्षात ठेवण्यासारखी. नवा रंग उद्याही देता येतो, पुढच्या वर्षीही देता येतो. घासून टाकलेला जुना रंग मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

नो कॉम्प्रमाइज!

साल कोणतंही ठरवा, काही गोष्टींत जुनेपणाचं कौतुक चालत नाही. गाडीवर बसणार असाल तर ब्रेक शू, केबल, चाकांचे बेअरिंग, स्पोक, चेन आणि टायर हे आजचेच हवेत. टायरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तो कोडच नसेल तर समजून जा, की त्या टायरची निवृत्ती कधीच झालीये.

टू-स्ट्रोकची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे क्रँकचे ऑइल सील. हे का, ते समजून घ्या. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. सील वाळून चिरलं, की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यातच पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं. इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून वीस-तीस वर्षं उभी असलेली टू-स्ट्रोक पेट्रोल टाकून, चार पोरांनी धक्का मारून सुरू करणं हा शुद्ध जुगार. आधी इंजिन खोला, सील बदला, सिलिंडर मोजा. घासला असेल तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाका. मात्र दर वेळी बोअर केलं की सिलिंडरची भिंत पातळ होते, त्यामुळे लागेल तेवढंच.

शिवाय आताच्या पेट्रोलची भानगड आहेच. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या काळचे रबरी पाइप-वॉशर त्याच्यासाठी बनलेलेच नाहीत. तेव्हा पाइप आजच्या पेट्रोलला चालतील असे घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा.

भाचीनं इथे अजिबात चिंधीगिरी केली नाही. बजेटचा मोठा वाटा इंजिन आणि चाकांवर गेला, म्हणजे फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींवर! नाना पेठेत पार्टसाठी चकरा झाल्या, रविवारच्या जुन्या बाजारात सकाळी सकाळी उन्हाच्या आधी हजेरी लागली. येझदीचं एक बरं आहे, चाहते भरपूर. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो, तिथे गेलात तर पार्ट नाही मिळाला तरी तो कुणाकडे मिळेल हे नक्की कळतं.

साबणाच्या पाण्यानं काय केलं

रंगाचा वाद तसाच होता. मेकॅनिकचं मत एका वाक्याचं, की सगळं घासून टाकू, दोन दिवसांचं काम. भाचीनं त्याला थांबवलं आणि आधी फक्त साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं, मऊ फडक्यानं टाकी धुतली. प्रेशर वॉशर नाही, रॉकेल नाही, सँडपेपर तर नाहीच.

शेणामातीच्या थराखालून पिवळा रंग निघाला आणि त्यावर हातानं रंगवलेला २७ हा आकडा. मामांना फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोनच आला. तो आकडा त्यांच्या एका दोस्तानं रंगवला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. शर्यतीच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात त्यानं तो काढला आणि एक पैसा घेतला नाही. तो दोस्त आता नाही.

फिल्मी गोष्ट असती तर मामांनी इथे माघार घेतली असती. तसं काही झालं नाही. आकडा राहू दे म्हणाले, पण मरून गाडीही त्यांना हवीच होती. आठवण एकाच सालाची असते असं थोडंच आहे?

कागदपत्रांचा ट्विस्ट

याच सुमाराला एक वेगळाच मुद्दा पुढे आला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. १९७४ ची येझदी वयात बसते. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

म्हणजे शोरूम कंडिशनला सरकारचाही पाठिंबा! चेसिसला मारलेल्या पट्ट्या, कापलेली मडगार्ड, बदललेले सायलेन्सर... शर्यतीची गाडी या व्याख्येत बसणार कशी? बरं, साध्या नोंदणीवर चालवायची म्हटली तरी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण आलं. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. हेडलाइट नसलेली डर्ट बाइक रस्त्यावर आणणं तर विसराच. ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची गोष्ट आहे.

तेव्हा निर्णयाचा एक टोकदार भाग हा, की तुम्हाला गाडी करायची काय आहे? रविवारी सिंहगड रोडला फिरवायची, प्रदर्शनात उभी करायची, की एखाद्याच्या शेतात मनसोक्त मातीत घालायची? अमेरिकेत जुन्या डर्ट बाइकच्या खऱ्याखुऱ्या शर्यती होतात. तिथल्या अहर्मा या संस्थेच्या व्हिंटेज गटात साधारण १९७४ पर्यंतच्या गाड्या धरतात आणि सस्पेन्शनची हालचाल पुढे ७ इंच, मागे ४ इंच एवढीच चालते. कारण त्याच सुमाराला लांब सस्पेन्शन आलं आणि खेळच बदलला. १९७३ मध्ये हाकन अँडरसननं यामाहाच्या मोनोशॉकवर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं, आणि आधीच्या गाड्या रातोरात म्हाताऱ्या झाल्या. अशा शर्यतीत उतरणाऱ्याला गाडी चमकते किती यापेक्षा ती कोणत्या सालात बसते हेच महत्त्वाचं. फिरून पुन्हा साल!

दोन टाक्या

शेवटी तोडगा निघाला तो भाचीच्या इंजिनीअर डोक्यातून. येझदीची टाकी काढायला-बसवायला फार वेळ लागत नाही. जुन्या बाजारात तिला एक पोचलेली, पण न सडलेली टाकी मिळाली. ती डेंटिंग करून, मरून रंगात, मामांना हवी तशी केली. पिवळी २७ नंबरची टाकी आतून गंज काढून साफ केली, बाहेरून हात लावला नाही. माळ्यावर सापडलेला मूळ हेडलाइट आणि चेनकव्हर गंज काढून, तेल लावून, लेबल लावून खोक्यात ठेवले. चेसिसच्या पट्ट्या तशाच राहिल्या. एक तर त्या काढणं धोक्याचं, आणि दुसरं म्हणजे त्या मामांनी स्वतः मारून घेतल्या होत्या.

म्हणजे अंतिम निकाल: साल ऐंशीच्या सुरुवातीचं, इंजिन आणि ब्रेक आजचे, आणि मामांसाठी १९७४ ची एक टाकी. व्हिंटेजचा नंबर या गाडीला मिळणार नाही, मरून टाकी लावली तरी जाणकार माणूस खालचं वेल्डिंग बघून हसणार. पैशाच्या हिशेबात बघितलं तर शोरूम कंडिशन गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं, हेही खरं. हा तोटा भाचीनं डोळे उघडे ठेवून पत्करला. विकायची असती तर तिनंही कदाचित वेगळं ठरवलं असतं.

तुमच्यावर वेळ आली तर...

■ हात लावण्याआधी फोटो. चारही बाजूंनी, प्रत्येक वायरचा, प्रत्येक जोडणीचा. फोन तुमच्याकडे आहेच!

■ आरसी बुक शोधा. इंजिन आणि चेसिस नंबर त्याच्याशी जुळतात का ते बघा. ते नंबर घासू नका, त्यावर जाड पावडर कोटिंग करू नका.

■ ज्याची गाडी होती त्याच्याशी बोला. जमलं तर रेकॉर्ड करा. कुठला ओरखडा शर्यतीतला आणि कुठला गोठ्यातला, हे फक्त त्यालाच माहीत असतं.

■ साल ठरवा आणि ते कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा. मेकॅनिकनं नवीन आयडिया सुचवली की आधी तो कागद बघा.

■ क्रम असा ठेवा: आधी ब्रेक-चाकं, मग इंजिन, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक जण उलटं करतात, आणि रंगावर पैसे संपले की गाडी पुन्हा पोत्यांमागे जाते.

■ काढलेला एकही पार्ट भंगारात देऊ नका. पिशवीत घाला, नाव लिहा.

आणि तरीही मन सारखं नव्याकोऱ्या झळाळीकडेच ओढत असेल, तर त्यात लाज कसली? २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं. लिक्विड-कूल्ड फोर-स्ट्रोक इंजिन, बटणावर सुरू, वॉरंटीसकट. सरळ ती घ्या आणि खुशाल मिरवा. पण जिच्या टाकीवर कुणीतरी रात्री जागून आकडा काढलाय, ती गाडी मात्र घासायला घेण्याआधी एकदा साबणानं धुऊन बघा, बॉस. खाली काय निघेल, ते सँडपेपर कधीच सांगत नाही.